खंडवा उंबरठ्यावर, भोपाळ तुळशीपाशी

ज्या माणसाला स्वतःच्या घरात मीठ कुठं असतं ते ठाऊक नाही, त्याच्याकडून खंडव्यापासून भोपाळपर्यंतची स्टेशनं सुलटी आणि उलटी पाठ करून घ्यायची वेळ माझ्यावर आली होती. माणूस म्हणजे आमचे हेच. आज आठवलं तरी माझं डोकं तापतं, आणि मग हसूही येतं, पण आधी डोकंच तापतं.

राज्यं नव्यानं जुळवली त्या वर्षांतली गोष्ट. नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. बऱ्हाणपूर काही जागचं हललं नाही, तापी होती तिथूनच वाहत होती, केळीचे घड होते तसेच गाडीत चढत होते. पण हापिसांची तोंडं फिरली. आमचे हे रेल्वेच्या टपालडब्यात कामाला. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकायची, थैल्या बांधायच्या, आणि स्टेशन आलं की ज्याची त्याची थैली खाली द्यायची. आजवर त्यांची खेप भुसावळकडची. ती गावं त्यांना मामा-मावश्यांच्या नावांसारखी यायची. सावदा, निंभोरा, रावेर, झोपेत विचारा. आता हुकूम आला, तोही हिंदीत, की यापुढं तुमची लाइन खंडव्याच्या वरची, भोपाळपर्यंत. परीक्षा द्या. पास झालात तर याच गाडीवर कायम. नापास झालात तर बिलासपूरकडच्या हापिसात बसून शिक्के मारा.

बिलासपूर! मला तर ते नकाशात कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की तिथून बहादरपूरला आठवड्याला जाता यायचं नाही.

बहादरपूरला माझी आई होती. एकटी. मला भाऊ नाही, वडील मी लहान असतानाच गेले. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणूस समोर उभं राहिलं तर सावली दिसायची, बास. डॉक्टरकडं चल म्हटलं की म्हणायची, केळी निघू दे. केळी निघाल्या की म्हणायची, कापूस निघू दे. आणि माझ्याकडं राहायला ये म्हणावं, तर ती तिच्या आईकडून शिकलेलं धरून बसलेली: लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आली तरी तांब्या सोबत घेऊन यायची आणि ऊन कलायच्या आत परत. मग मीच दर सोमवारी टांग्यानं जायची, तिचं दळण, तिचं धुणं बघायची. बिलासपूरला गेले असते तर त्या बाईचं कोणी केलं असतं? तेव्हा परीक्षा यांची होती, पण नापास होणार होते मी.

तर हे पाठ करायला बसले. कसे? शाळेत पाढे म्हणायचो तसे. ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून, डोलत डोलत. खंडवा, तळवड्या, छनेरा, खिरकिया, हरदा. चार दिवसांत सुलटं आलं, आणि लगेच मिशीला पीळ.

म्हटलं, "बरं, आता उलटं म्हणा."

"उलटं कशाला? गाडी पुढं जाते."

"आणि परत नाही येत? तुम्ही काय भोपाळलाच संसार थाटणार का?"

खरं तर उलट्यातच सगळं होतं. जाताना छनेऱ्याची थैली आधी द्यायची, येताना हरद्याची. एक थैली चुकून पुढच्या स्टेशनात पडली तर कोणाची मनिऑर्डर, कोणाच्या लेकीचं पत्र, गाडी गाडी फिरत राहतं. यांना ते कळत होतं, पण जिभेला वळत नव्हतं. मी विचारायची, "हरद्याच्या आधी काय?" की हे परत खंडव्यापासून सुरू. खंडवा, तळवड्या, छनेरा, खिरकिया, हरदा... "खिरकिया!" प्रत्येक वेळी खंडव्याला जाऊन परत यायचं. मी भाकऱ्या थापत ऐकतेय आणि माझी भाकरी करपतेय.

"अहो, एक पायरी मागं जायला तुम्ही अख्खा जिना उतरून खाली जाता, आणि परत चढता."

"मग काय करू? जिना तसाच आहे."

आणि दर दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं मध्ये, "माझ्या पोराला गाडीनं खाल्लं आधी, आता तू खाऊन राहिली." आत्याबाई म्हणायची मी त्यांना. आत्याबाईंना बिलासपूर चालणार होतं. त्यांचा भाऊ तिकडं कुठंसा होता.

असं करत सोमवार आला. बहादरपूरला गेले तेव्हा चिडूनच गेले. आईपाशी सगळं ओकले. हे असे, हे तसे, मागचं म्हणा म्हटलं की खंडव्याला पळतात. आई शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू त्याला नुसते शब्द देतेस. शब्द वाहून जातात गं. त्याला रस्ता दे."

"कसला रस्ता?"

"मी विहिरीवर कशी जाते?"

आता ही गोष्ट मी दर सोमवारी बघत होते, पण बघितली नव्हती. आई डोळ्यांनी चालायचीच नाही. उंबरठा ओलांडला की उजव्या हाताला लिंब. लिंबाच्या खोडाला हात लागला की पुढं मारुतीचा ओटा, तो गुडघ्याला कळायचा. ओट्यानंतर केळीच्या बागेचं फाटक, तिथं पानांचा आवाज. मग उताराचा दगड, मग विहीर. येताना तेच, फक्त लिंब डाव्या हाताला. डोक्यावर हंडा घेऊन ती आंधळी बाई न चुकता घरी यायची. आणि हेच तिचं पाठांतराचं यंत्र होतं, ते तिनं मला त्या दिवशी सांगितलं. गावात लग्न असलं की हळदीची गाणी म्हणायला तिला बोलवायचे. कितीतरी गाणी, ठरलेल्या क्रमानं. ती एकेक गाणं या रस्त्यावर ठेवायची. पहिलं उंबरठ्यात, दुसरं लिंबाला टांगलं, तिसरं मारुतीसमोर. मधूनच कोणी म्हटलं, फाटकाचं म्हणा, तर फाटकाचं. कोणी म्हटलं शेवटून, तर विहिरीवरून घरी यायचं.

"मागं यायचं म्हणजे काय गं, घरी यायचं. घरी यायला कोणाला पाठ करावं लागतं?"

टांग्यात बसल्या बसल्या मी आमचं घर डोळ्यांपुढं आणलं. भाड्याच्या दोन खोल्या, मागं न्हाणी, तिच्यापलीकडं तुळस. सरळ आगगाडीसारखं घर. घरी पोचेपर्यंत मी स्टेशनं मांडूनसुद्धा टाकली होती. उंबरठा म्हणजे खंडवा. जोडे काढायचा कोपरा तळवड्या. मग स्वैपाकघराची फळी लागते, तिच्यावर पहिली लोणच्याची बरणी, ती छनेरा. पापडाचा डबा खिरकिया. हळदीचा डबा हरदा, ते तर आपसूकच बसलं. मिठाची बरणी टिमरनी. जातं बानापुरा. चूल म्हणजे इटारसी, कारण सगळ्या बाजूंनी सगळं तिथंच येऊन मिळतं आणि धूरही तिथंच. पाण्याचा माठ होशंगाबाद, नर्मदा म्हणून. मागचं दार बुधनी, न्हाणी बरखेडा, धुण्याचा दगड औबेदुल्लागंज, आणि तुळशीपाशी भोपाळ.

मला वाटलं, झालं. जिंकलो.

कसलं काय! यांना सांगितलं तर म्हणतात, "फळीवर पापडाचा डबा आहे का?"

लग्नाला किती वर्षं झाली होती! माणूस रोज त्या फळीखाली जेवायला बसत होता, आणि फळीवर काय आहे याचा पत्ता नाही. यांचं घर म्हणजे उंबरठा, खुंटी, खाट आणि ताट. चुलीच्या पुढं काय असतं ते त्यांना भोपाळइतकंच लांब. न्हाणीकडंसुद्धा बाहेरच्या बोळातून वळसा घालून जायचे, कारण स्वैपाकघरातून आरपार जायचं पुरुषाला शोभत नाही अशी आत्याबाईंची शिकवण.

मग मी त्यांना कामाला लावलं. सकाळी हातात कळशी दिली. म्हटलं, मागच्या दारानं जा, न्हाणीशी थांबा, मोठ्यानं स्टेशन म्हणा, तुळशीपर्यंत जा, आणि तुळशीकडून घरात या. प्रत्येक वस्तूला हात लावायचा. नुसतं बघायचं नाही. हात लावायचा, आणि म्हणायचं.

आत्याबाई न्हाणीतून बाहेर येतात तो काय बघतात, त्यांचा मुलगा चुलीपुढं ओणवा होऊन म्हणतोय, इटारसी, बानापुरा, आणि जात्यावरचा हात मिठाच्या बरणीकडं नेतोय.

"व माय! काय करून राहिला रे तू? दृष्ट लागली का तुले?"

"माय, बोलू नको. मी टिमरनीत आहे."

"हे मीठ आहे मेल्या!"

"तेच तर."

त्या माझ्याकडं वळल्या. "माझ्या पोराला तू स्वैपाकघरात घातलं. उद्या लुगडं नेसवशील."

मी म्हटलं, "आत्याबाई, परीक्षा होऊ द्या. मग तुमचा मुलगा तुमच्या खाटेवर परत बसवून देते."

पण खोटं कशाला बोलू, युक्ती लागू पडली. आठ-दहा दिवसांत माणूस बदलला. आता हरद्याच्या आधी काय विचारलं की डोळे मिटायचे, हळदीच्या डब्यावरून हात डावीकडं सरकवायचे हवेतच, आणि म्हणायचे खिरकिया. खंडव्याला जायची गरज नाही. मधूनच विचारा, शेवटून विचारा. येताना हात बदलतो एवढं आईचं लक्षात ठेवायला सांगितलं होतं मी, जाताना डावीकडं ते येताना उजवीकडं, तेही त्यांनी धरलं. जेवताना म्हणायचे, "जरा टिमरनी दे," आणि मी मीठ वाढायची. मला वाटायचं, आता माझी आई सुटली. मी पण सुटले.

आणि दिवाळी आली.

परीक्षा दिवाळीच्या तोंडावर, खंडव्याला. दोन दिवस राहिले होते. मी सोमवारची बहादरपूरला गेले, संध्याकाळी परत आले, तर घर बाहेर! भांडी ओट्यावर, डबे ओट्यावर, जातं एवढं जागेवर कारण ते उचलवेना. आत्याबाई डोक्याला फडकं बांधून आत चुना मारत होत्या.

"आत्याबाई! हे आजच कशाला?"

"दिवाळीला नाही मारायचा तर काय शिमग्याला मारायचा?"

"परीक्षा झाल्यावर मारला असता!"

"भिंतीला कुठं परीक्षा आहे."

रात्रीच्या आत सगळं परत आत गेलं, पण आत्याबाईंच्या हातानं. त्यांनी फळी नव्यानं लावली. लोणचं आणि पापड यांची अदलाबदल. कारण विचारलं तर म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीवर दाराचं ऊन पडतं, तेल खराब होतं. मी म्हटलं, दोनच दिवस जुन्या जागी ठेवू. त्यांचा आवाज चढला.

"माझ्या घरात माझी बरणी कुठं ठेवायची, ते आता आगगाडी सांगणार का मला?"

"आगगाडी नाही, तुमच्या मुलाची नोकरी सांगतेय."

"नोकरी जाऊन नाही राहिली. बिलासपूरला होऊन राहिली."

त्यांच्या मनात काय आहे ते मला उघड दिसत होतं, आणि माझ्या मनात काय आहे ते त्यांनाही. दोघी एकाच फळीपाशी उभ्या, एकीच्या डोळ्यांपुढं भाऊ, एकीच्या डोळ्यांपुढं आई. मध्ये लोणचं.

यांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना तुमच्या मायला."

हे म्हणाले, "राहू दे. माझ्या डोक्यात जुनंच आहे."

डोक्यात! ज्या डोक्यात फळी बसवायला मी पंधरवडा घातला, त्या डोक्यावर आता हे विसंबून राहणार. मी डोळा चुकवून बरणी परत जागी ठेवली. सकाळी बघते तर पापड परत पहिला. मी परत ठेवली. जेवणवेळेला पापड परत पहिला. आम्ही दोघी एकमेकींशी अक्षर बोललो नाही, पण ती बरणी दिवसभर प्रवास करत होती. आणि हे बिचारे मधूनमधून सराव करायला यायचे, कधी लोणचं आधी, कधी पापड आधी. शेवटी मीच हात टेकले. म्हटलं, असू दे बाई पापड. निदान एका जागी तरी राहू दे.

हे खंडव्याला गेले, संध्याकाळच्या गाडीनं परत आले. जोडे काढले. तळवड्याच्या कोपऱ्यात. हात-पाय धुतले. पाणी प्यायले. खाटेवर बसले. मी दारात उभी, आत्याबाई चुलीपाशी, दोघींचं लक्ष यांच्या तोंडाकडं. आणि हे म्हणतात, "भाजी काय आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाजी वांग्याची आहे. परीक्षेचं काय?"

"झाली."

"झाली म्हणजे? कशी झाली?"

"चांगला माणूस होता साहेब. चहा दिला."

मी कपाळाला हात लावला. मग हळूहळू, शेंगेतून दाणे काढावेत तशी गोष्ट काढली. आधी पत्रांचा गठ्ठा दिला, खणांत लावा म्हणाला. लावला. मग समोर बसवून विचारलं, "अब भोपाल से खंडवा बोलो." हे तुळशीपासून निघाले. धुण्याचा दगड, न्हाणी, मागचं दार, माठ. इटारसीला जरा थांबले, तर साहेब म्हणाला, "क्या हुआ?" हे म्हणाले, "कुछ नहीं साहब, चूल्हा जल रहा था." साहेबाला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पुढं जातं, मीठ, हळद. आणि मग...

"मग काय?"

"मग मला पापड दिसला आधी आणि लोणचंही दिसलं आधी. दोन्ही एकदम. मी म्हणालो छनेरा, खिरकिया."

"उलटं!"

"हं. गठ्ठ्यातपण तसंच लावलं असणार."

मी आत्याबाईंकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर तोंडातून भलतंच निघालं असतं. चूल फुंकायचा आवाज थांबला होता. त्या उठल्या. फळीपाशी गेल्या. पापडाचा डबा उचलला, लोणच्याची बरणी उचलली, आणि पहिल्या जागी बरणी ठेवली. ठेवून तिच्यावर ऊन येईल तिथं जुनं फडकं लावलं. आणि मुलाला म्हणाल्या, "दोन गावांनी काय होते रे? बाकीची सांगितली ना?"

"सांगितली."

"मग."

निकालाला दिवाळी उलटली. ते दिवस माझे कसे गेले विचारू नका. फराळाचं मी काय केलं आणि कोणी खाल्लं मला आठवत नाही. आत्याबाई फळीला कोणाला हात लावू देईनात. शेजारीण वाटीभर डाळ मागायला आली, तिलासुद्धा म्हणाल्या, "थांब, मीच देते. त्या डब्याले हलवू नको, तिथं हरदा आहे." शेजारीण माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते.

एक दिवस हे कामावरून आले. जोडे काढले, हात-पाय धुतले, पाणी प्यायले. खाटेवर बसले. म्हणाले, "वरच्या लाइनवर कायम केलं. साहेब म्हणाला, दोन चुका माफ. पण छनेरा-खिरकिया पुढं लक्षात ठेवा." आणि लगेच, "भाजी काय आहे?"

मी भाजी सांगितलीच नाही. मागं जाऊन तुळशीपाशी उभी राहिले थोडा वेळ.

सोमवारची वाट बघवेना, दुसऱ्याच दिवशी टांगा केला. आई विहिरीवरून पाणी आणून बसली होती. मी आल्या आल्या तिचा हंडा उचलून कोपऱ्यात ठेवला, दळण बाजूला काढलं, केर काढायला घेतला, आणि बोलत सुटले. हे पास झाले, आता भोपाळपर्यंत जातात आणि परत येतात, दोन चुका झाल्या त्या आत्याबाईंच्या पापडामुळं, नाहीतर एकही झाली नसती. आई ऐकत होती. तोंड माझ्याकडं नाही, जरा बाजूला, माझ्या आवाजाकडं.

"म्हंजे तू इथंच," ती म्हणाली.

"इथंच गं. दर सोमवारी."

तिनं माझा हात धरला, मनगटापासून बोटांपर्यंत चाचपला, धरून ठेवला. मला वाटलं आता ही रडते, मग मीही रडणार. तर म्हणते कशी, "मग तो हंडा तू कुठं नेऊन ठेवलास गं? आधी दारामागं ठेव. रात्री मी पाण्याला उठले म्हणजे त्याला शोधत बहादरपूरभर फिरू का?"

मी उठले. हंडा दारामागं ठेवला. बोटानं एकदा चाचपून बघितलं, जागेवर आहे ना.